चारशे बारा

डॉ. अरुणा टिपणीस रोज सकाळी चहाच्या आधी एक आकडा पाहायच्या. त्यांच्या वयाचं कुणी वजन पाहतं, कुणी साखर पाहतं. अरुणाबाई आपल्या शोधनिबंधाचा आधार आजवर किती जणांनी घेतला, ते पाहायच्या. संशोधकांच्या दुनियेत याला सायटेशन म्हणतात. दुसऱ्याने आपल्या निबंधाच्या शेवटी तुमच्या निबंधाचं नाव लिहिलं की तुमचा आकडा एकाने वाढला. एवढ्याशा गोष्टीवर माणसांच्या बढत्या होतात, भांडणं होतात, आणि बाईंसारख्या शहाण्या बाईला सकाळचा चहा गोड लागणार की नाही, तेही ठरतं.

बाई मसाट या कारखान्यांच्या गावातल्या एका औषध कंपनीत संशोधन विभागाच्या प्रमुख होत्या. औषधाचे नवे रेणू जुळवायचे, जुने रेणू सोप्या वाटेने बनवायचे, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत एकोणीस निबंध लिहिले. त्यातल्या अठरांना फारसं कुणी विचारलं नाही. कुणाला सात, कुणाला तीन, एकाला तर भोपळा. उरलेल्या एकाने मात्र बाईंचं नाव केलं. तो २००८ सालचा निबंध, आणि त्याचा आकडा होता चारशे बारा.

त्याची सगळी ख्याती एका वाक्यात मावत होती. क्षयावरच्या एका औषधाचा रेणू बनवताना चौथ्या पायरीला सगळं जग बर्फ वापरत होतं, कारण ते मिश्रण स्वभावाने तापट. बाईंनी दाखवून दिलं की बर्फ लागतच नाही. खोलीच्या तापमानाला बारा तास ढवळत ठेवा, झालं काम. आणि खोली तरी कुठली? कंपनीची सामरवरणीची जुनी लॅब, वर पत्रा, मे महिना, भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये चाळीस अंश. साध्यासुध्या लॅबमध्ये, भर उन्हाळ्यात चालणारी पद्धत म्हणून लोकांनी ती उचलून धरली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी कंपनीत बाईंचा सत्कार होता. गेटवर फ्लेक्स लागलासुद्धा होता. त्यावर बाईंचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो, शेजारी कुणीतरी इंटरनेटवरून उचललेलं काचेच्या फ्लास्कचं चित्र, आणि खाली हातभर उंचीचा ४१२. बाई वरवर म्हणाल्या, "अहो, हे कशाला." पण त्या दिवशी गाडी गेटमधून जरा हळूच आत नेली होती.

फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात ती मेल आली.

"मॅडम, मी केतकी. जळगावकडच्या एका कॉलेजात पीएचडी करते. तुमची चौथी पायरी मी तुम्ही लिहिली आहे तशीच केली, खोलीच्या तापमानाला. पहिल्या वेळी फ्लास्क फार तापला, मी घाबरून सगळं ओतून दिलं. दुसऱ्या वेळी फ्लास्क फुटला. उजवा हात भाजला आहे. डाव्या हाताने टाइप करते आहे, चुका माफ कराव्यात. मॅडम, निबंधात लिहायचं राहून गेलेलं काही आहे का? असेल तर सांगाल का?"

बाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि मग खुर्ची ओढून बसल्या. पहिला विचार आला, पोरीचंच काहीतरी चुकलं असणार. आजकालची मुलं मोजमापात आळशीपणा करतात. हा विचार बाईंना फार आवडला आणि त्यांनी तो दिवसभर धरून ठेवला. पण संध्याकाळी घरी भांडी विसळताना ओला ग्लास हातात आला आणि त्यांनी नळ बंद केला.

त्यांना एक ओला फ्लास्क आठवला.

२००८ चा मे. एकदा बाई सकाळी वेळेच्या आधी, साडेसातलाच लॅबमध्ये पोचल्या होत्या. रात्रभर ढवळत ठेवलेला फ्लास्क स्टँडला लटकत होता, आणि त्याच्या बुडाला पाण्याचे थेंब होते. बाईंनी हात लावला. फ्लास्क गार लागला. लॅबचा नोकर नथू खाली मान घालून फरशी पुसत होता. बाईंनी ॲप्रनच्या टोकाने फ्लास्क पुसला, भिंतीवरचं तापमान वहीत लिहिलं आणि पुढच्या कामाला लागल्या. माल उत्तम उतरला होता, शंभरात शहाऐंशी. विचारायला तोंड होतं, नथू चार हातांवर होता, पण बाईंनी विचारलं नाही. इतकं छान चाललेलं असताना माणूस कशाला विचारतो?

त्या मेलला बाईंनी तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. "शनिवारनंतर पाहू," असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मेलला नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत फोन वाजला की बाई दचकायच्या. जेवण उतरेना. लॅबमध्ये कुणाच्या हातून काचेचं काही ठेवताना आवाज झाला की त्या ओरडायच्या. लोक म्हणाले, सत्काराचं टेन्शन आलंय मॅडमना.

गुरुवारी दुपारी बारा-साडेबाराला चिन्मय त्यांच्या केबिनमध्ये आला. चिन्मय पुण्याचा, तिशीचा, प्रॉडक्शन मॅनेजर. हुशार पोरगा, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं होतं. त्याच्या हातात बॅचचं कार्ड होतं, एका खेपेत कुठला माल कसा बनवायचा ते लिहिलेलं.

"मॅडम, सांगायचं नव्हतं, सरप्राइज होतं. पण राहवत नाही. आज दोन वाजता तीन नंबरच्या रिॲक्टरला तुमची चौथी पायरी. दोन हजार लिटरचं भांडं."

"आज? ती पुढच्या महिन्यात होती ना?"

"अलीकडे घेतली. शनिवारी तुमचा सत्कार होईल तेव्हा पहिला माल स्टेजवर पाहिजे. तुमची पद्धत, आपला प्लांट."

"ट्रायल झालीये ना पण?"

"जानेवारीत. दोन लिटरवर, तुमच्याच लॅबमध्ये. एक नंबर झाली. तुमचीच सही आहे, मॅडम."

जानेवारीत. एसी लॅबमध्ये. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मे महिन्याचं ऊन असं पडलं होतं की डांबर मऊ झालं असेल.

"चिलर लावणार आहात? गार पाणी फिरवायला?"

चिन्मय हसला. "चिलर कशाला? तुमच्या निबंधाचा मुद्दाच तो आहे की. चारशे बारा लोकांनी वापरलेली पद्धत आहे, मॅडम. आपणच शंका घेतली तर कसं व्हायचं?"

त्याच क्षणी थांबव म्हणता आलं असतं. बाईंच्या जिभेवर शब्द आलाही होता. पण थांबवायचं ते कशाच्या जोरावर? सतरा वर्षांपूर्वीच्या एका ओल्या फ्लास्कच्या? आणि उद्या नथूने सांगितलं, "छे मॅडम, मी तर नुसती काच पुसली होती," तर मग बाईंचं, निबंधाचं आणि शनिवारचं हसं. बाई "बरं" म्हणाल्या. चिन्मय गेला आणि बाईंनी पर्स उचलली. नथूकडे जायचं, त्याच्या तोंडून "नाही" ऐकायचं, आणि परत येऊन सुखाने डबा खायचा, एवढाच त्यांचा बेत होता.

नथू दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन डोकमर्डीच्या एका चाळीत राहत होता. मूळचा धुळ्याकडचा, साक्रीजवळचा. बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो बनियनवर बसून लसूण सोलत होता. त्याची धांदल उडाली.

"म्याडम? तुम्ही? पुतळा, च्या ठेव वं, म्याडम आल्या!"

"चहा नको, नथूभाऊ. एकच गोष्ट विचारायची आहे. सामरवरणीच्या लॅबमध्ये चौथ्या पायरीचे फ्लास्क मी संध्याकाळी तुमच्यावर सोडून जायचे. आठवतं?"

"न आठवाले काय झालं? कोणते, रातचे ना?"

"रातचे म्हणजे?"

"तुम्हीच तं चिठ्ठी लावत. काही फ्लास्कवर बर्फाचं चित्र राहे. काहीवर रात लिहेल राहे. इंग्रजीत." नथूने लसणाच्या सालांतून बोट फिरवून जमिनीवर दोन अक्षरं काढली. आर आणि टी. "मी सातवीपर्यंत शिकेल आहे, म्याडम. आर टी, रात. पहिल्या दिवशी मले वाटलं, रात म्हणजे रातभर ठेवाचं. पण कारभारी नावाचा एक जुना माणूस होता तेव्हा लॅबचा, त्याले विचारलं. तो म्हणे, येड्या, रातसारखं गार ठेवाचं. मंग मी तसंच ठेवू."

बाई उंबऱ्यावर बसल्या. "कसं ठेवायचात?"

"फ्लास्क स्टँडलेच राहे. तुम्ही गेल्या की मी खालून पाण्याचं घमेलं सरकवू, वरून ओलं गोणपाट गुंडाळू. लई गरमी राहिली तं मशीनमधला बर्फ बी टाकू. अर्ध्या रातीले उठून पाणी बदलू. वॉचमनच्या खोलीतच झोपे ना मी." सांगता सांगता नथूचा चेहरा फुलला होता. सतरा वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. "आन सकाळी तुम्ही याच्या आधी काढून घेऊ सगळं. टेबल ओलं दिसलं तं तुम्ही लई रागवत."

आरटी. खोलीचं तापमान, या दोन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं. जगातल्या प्रत्येक रसायनशास्त्रज्ञाला झोपेतही कळतील अशी. बाई रोज संध्याकाळी ती चिठ्ठी घाईघाईने चिकटवून घरी जात आणि रोज सकाळी भिंतीवरचे चाळीस अंश वहीत लिहीत. भिंत तापलेली होती. फ्लास्क कधीच तापलेला नव्हता. जी गोष्ट दाखवून दिली म्हणून बाईंचं नाव झालं, ती घडलीच नव्हती.

बाई जमिनीवरच्या त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिल्या.

"काही चुकलं का म्याडम माझं?" नथूने विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही, नथूभाऊ."

पुतळाबाई चहा घेऊन बाहेर आली. तिच्या दुसऱ्या हातात स्टीलचा डबा होता. "ताई, तुम्ही कंपनीतच चालल्या ना? समाधानचा डबा राहिला घरी. आज तीन नंबरवर मोठा माल आहे म्हणे, सकाळीच पळाला. देता का तेवढा?"

समाधान. नथूचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, रिॲक्टर चालवणारा. बाईंना तो तीन नंबरला असतो हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याच्या आईच्या हातून गरम भाकरीचा डबा घेणं वेगळं. त्यांनी डबा घेतला. "देते," एवढंच त्या म्हणाल्या. चहा तसाच राहिला. घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी चिन्मयला फोन लावला. वाजत राहिला. मग त्यांना आठवलं, प्लांटमध्ये फोन नेता येत नाही. काडेपेटी आणि मोबाइल गेटवर जमा करायचे, हा कंपनीचा नियम, आणि तो नियम करणाऱ्या समितीत बाई स्वतः होत्या. प्लांटचा साधा फोन लावला. तोही कुणी उचलेना. सगळे वरच्या मजल्यावर असणार, रिॲक्टरपाशी. शेवटी गेटवर फोन केला.

"संजू, पळत जा आणि चिन्मयसाहेबांना सांग, मॅडमनी बॅच थांबवायला सांगितलीये."

"मॅडम, मी एकटाच आहे. गेट सोडून कसा जाऊ? टँकर लागलाय आत."

"अरे मर मेल्या, जा!" बाई ओरडल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला असं म्हटलं नव्हतं.

मसाटच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती. बाई हॉर्न वाजवत राहिल्या. पुढच्या ट्रकवाल्याने आरशातून पाहिलं आणि हात हलवला, त्याच्याही पुढे ट्रकच होता. शेजारच्या सीटवर डबा होता. झाकणाच्या फटीतून लसणाच्या चटणीचा वास येत होता. त्यांना एकसारखा एकच आवाज ऐकू येत होता, जो अजून झाला नव्हता. समोर मसाटच्या बाजूला आकाशात धूर दिसतो का ते त्या बघत होत्या. मसाटच्या आकाशात धूर नेहमीच असतो. आजचा कुठला आणि रोजचा कुठला, ते कळायला मार्ग नव्हता.

आपण देवाकडे काय मागतोय हे बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची शरम वाटली. त्या मागत होत्या, समाधान वाचू दे. आणि त्याच दमात मनात दुसरं येत होतं, कुणाला कळू न देता वाचू दे.

गेटवर त्यांच्याच फोटोने त्यांचं स्वागत केलं. खाली ४१२. संजू गेटवर नव्हता, म्हणजे पोरगा गेला होता. बाई हेल्मेट न घालताच प्लांटच्या लोखंडी जिन्यावर चढल्या. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

वर चिन्मयचा आवाज चढलेला होता.

"तुला कुणी सांगितलं चिलर चालू करायला? अक्कल आहे का? मॅडम कशाला बॅच थांबवतील, त्यांचीच पद्धत आहे! संजू, तू काहीतरी उलटंच ऐकलंस."

रिॲक्टरपाशी समाधान उभा होता, थंड पाण्याच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून. संजू बाजूला धापा टाकत होता.

"साहेब, कार्डपे रात लिखेला है ना," समाधान म्हणाला. "म्हणून मी सकाळपासून चिलर चालू ठेवला. बारा डिग्रीला माल टाकला, पूरा माल गेला. तुम्ही कशाला बंद केला?"

प्लांटच्या कार्डावर नेहमी अंशांचे आकडे असतात. चिन्मयने या वेळी बाईंच्या निबंधातून जसंच्या तसं उतरवलं होतं, आर आणि टी. आणि समाधानने ते आपल्या बापाने शिकवलं होतं तसं वाचलं होतं.

बाईंच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं. समाधानने गार ठेवलं होतं. चिन्मयने येऊन ते बंद केलं होतं. सगळा माल आत होता, आणि आता तो आपला आपण तापत होता. पॅनेलवर तांबडे आकडे होते. एकतीस.

"चिलर चालू कर, समाधान. पूर्ण उघड."

चिन्मय वळला. "मॅडम! तुम्ही? अहो, हा आरटीला रात समजतोय. तुमच्या निबंधात स्पष्ट लिहिलंय..."

"निबंध चुकलाय. समाधान बरोबर आहे."

"काय बोलताय तुम्ही? चारशे बारा लोकांनी वापरलंय ते!"

"वापरलं नाही रे, नाव लिहिलं! भर गरमीत करून एकीनेच पाहिलं, माझ्या माहितीत. तिचा हात भाजला." बाईंचा आवाज चिरकला. "खाली जा सगळे. संजू, सायरन दे. टँकर बाहेर काढा. चल, जा म्हणते ना!"

छत्तीस. चिन्मयने पॅनेल पाहिलं. तो संजूला ढकलत जिन्याकडे पळाला. खाली सायरन सुरू झाला आणि मजल्या-मजल्यावरून बुटांचे आवाज उतरू लागले.

समाधान व्हॉल्व्ह फिरवत होता. बाई म्हणाल्या, "दे मला, तू जा."

"कडक आहे मॅडम, तुमच्याने नाही फिरणार."

एकेचाळीस. पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला, पण आकडा थांबला नाही. जुने लोक बर्फ का वापरायचे, ते बाईंनी त्यांच्या निबंधांत वाचलं होतं. पन्नासच्या पुढे हे मिश्रण कुणाचं ऐकत नाही. त्या वेळी त्या वाक्यावर बाईंनी पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं. चव्वेचाळीस. पळून जावंसं वाटत होतं. अगदी खरं सांगायचं तर फक्त तेवढंच वाटत होतं. पण समाधान व्हॉल्व्हपाशी होता आणि त्याचा डबा खाली गाडीत होता.

सेहेचाळीस. सत्तेचाळीस. मग बराच वेळ सत्तेचाळीस. समाधान ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होता. बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा सत्तेचाळीसच होते. आणि मग, अगदी मन नसल्यासारखा, आकडा एकाने खाली आला.

चाळीसवर आल्यावर बाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

समाधान शेजारी उकिडवा बसला. त्याचे तळहात सोलवटले होते. थोड्या वेळाने त्याने जरा भीतभीतच विचारलं, "मॅडम, रातच लिखेला होतं ना? साहेब म्हणतात, दुसरं काहीतरी असतं."

"रातच होतं," बाई म्हणाल्या. "मीच वेगळं वाचत होते. तुझा डबा आहे माझ्या गाडीत. हात धू आणि जेवून घे."

संध्याकाळी बाईंनी संजूला फ्लेक्स उतरवायला लावला आणि शनिवारचा सत्कार नको म्हणून वर कळवलं. चिन्मय केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. बॅचचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि गेला. मग बाईंनी दार लावलं आणि दोन पत्रं लिहिली. निबंध छापणाऱ्या मासिकाला कळवलं, "चौथी पायरी खोलीच्या तापमानाला झालेली नाही. फ्लास्क बर्फाच्या पाण्यात, ओल्या गोणपाटात ठेवले होते. हे काम नथू मोतीराम अहिरे यांनी केले. ते मी पाहिले नाही, आणि एकदा दिसले तेव्हा विचारले नाही. चूक माझी आहे."

दुसरं पत्र केतकीला. त्यात घमेलं, गोणपाट, नथू, आर आणि टी, सगळं लिहिलं. नऊ दिवस उत्तर का दिलं नाही, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, "तुझा हात माझ्यामुळे भाजला."

पाच मिनिटांत उत्तर आलं.

"मॅडम, आमचे सर म्हणाले होते, चारशे बारा जणांचं बरोबर आणि तुझ्या एकटीचं चूक, असं कसं होईल? मलाही ते पटलं होतं. मी सोमवारी पीएचडी सोडायचा अर्ज दिला. तो परत घेतला तर चालेल का?"

बाईंनी ते दोनदा वाचलं. सोमवारी. मेल आल्याच्या दिवशीच उत्तर दिलं असतं तर. त्यांनी लिहिलं, "आत्ताच्या आत्ता घे. सरांचा नंबर दे, मी बोलते."

मग त्यांनी त्या चारशे बारा जणांची यादी उघडली. इतकी वर्षं त्या रोज आकडा पाहत होत्या, पण आकड्याच्या आत कधी गेल्या नव्हत्या. आत माणसं होती. अमुक कॉलेज, तमुक गाव, कुठली कुठली नावं. यातल्या किती जणांनी नुसतं नाव लिहून सोडलं असेल आणि किती जणांनी फ्लास्क मांडला असेल? किती जण मान खाली घालून म्हणाले असतील की माझंच काहीतरी चुकलं? बाईंनी पहिल्या नावाला पत्र लिहिलं, मग दुसऱ्या. एकोणचाळीस झाली तेव्हा डोळे दुखायला लागले आणि त्या घरी गेल्या.

सकाळी चहा टाकला आणि सवयीने हात फोनकडे गेला. आकडा बदलला होता. चारशे तेरा.

त्यांनी नाव उघडलं. मराठवाड्यातलं कुठलंसं कॉलेज होतं, आणि निबंधात लिहिलं होतं की ही पायरी पुढच्या आठवड्यापासून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात घेतली जाणार आहे. खाली फोन नंबर होता. बाईंनी गॅस बंद केला आणि नंबर फिरवला.